ट्रेलर म्हणजे गेम नव्हे

नव्या गेमची घोषणा झाली की वर्गात दोन दिवस दुसरा विषय नसतो. "सर, हा येऊ द्या, बाकीचे सगळे फिके पडतील!" उत्साह मलाही आवडतो. पण घोषणा म्हणजे फक्त आश्वासन. त्यावर आधीच पैसे भरून मोकळं होणं मला पटत नाही.

'सायबरपंक २०७७' चं उदाहरण घ्या. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने हा गेम २०१२ मध्ये जाहीर केला. २०२० या एकाच वर्षात त्याची तारीख तीनदा पुढे ढकलली. दिलेली तारीख गाठण्यासाठी कर्मचाऱ्यांना आठवड्याचे सहा दिवस राबावं लागलं. (हे कोणत्याच ट्रेलरमध्ये दिसत नाही.) अखेर १० डिसेंबरला गेम आला, तर जुन्या प्लेस्टेशन ४ वर तो धड चालेना, मध्येच बंद पडायचा. सुमारे आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. पुढे कंपनीने बऱ्याच दुरुस्त्या केल्या हे खरं, पण पहिल्या दिवशी पैसे मोजणाऱ्यांनी तोवर काय करायचं?

त्याच सुमारास जपानमध्ये 'डेमन स्लेयर: मुगेन ट्रेन' हा ॲनिमे सिनेमा चालू होता. १६ ऑक्टोबर २०२० ला तो लागला. कोरोनाचा काळ, तरी दहा दिवसांत १,००० कोटी येनची कमाई झाली. वर्ष संपायच्या आत त्याने 'स्पिरिटेड अवे'चा १९ वर्षांचा विक्रम मोडला. गंमत म्हणजे कथेत गुपित काहीच उरलं नव्हतं. मूळ चित्रकथा त्याच वर्षी मे महिन्यात संपली होती. रेंगोकूचं पुढे काय होतं, हे वाचकांना पाठ होतं. (ज्यांनी सिनेमा पाहिला नाही, त्यांच्यासाठी मी सांगत नाही!) तरी लोक गेले, कारण युफोटेबल स्टुडिओची २६ भागांची मालिका त्यांनी आधी पाहिली होती. काम बघूनच त्यांनी तिकीट काढलं.

कुणी म्हणेल, सिनेमाचाही ट्रेलर असतोच की! असतो. पण सिनेमाचं तिकीट कुठे आणि चार-पाच हजारांचा गेम कुठे? सिनेमा फसला तर एक संध्याकाळ वाया जाते. गेम फसला तर वर्षभराचा खाऊचा पैसा जातो, आणि पुढच्या वेळी बाबांकडे मागायला तोंड राहत नाही.

म्हणून गेम आधी बाजारात येऊ द्या. पंधरा दिवस थांबा, कुणीतरी खेळताना बघा, आपल्याकडच्या यंत्रावर तो चालतो का ते विचारा. मग बाबांकडे विषय काढा.