विंडोज हरली म्हणता, मग जिंकलं कोण?

गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या स्टेजवरून एकच वाक्य ऐकतोय. बोलणारे वेगळे, पक्ष वेगळे, वाक्य तेच : "आता कॉम्प्युटरचा जमाना गेला, सगळं मोबाइलवर आलं." आणि टाळ्या. मला या टाळ्यांचा राग येतो. का येतो ते सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन वाचा.

आधी खरं ते मान्य करू. स्टॅटकाउंटर नावाची कंपनी जगात इंटरनेट कशावरून वापरलं जातं ते मोजते. मार्च २०१२ मध्ये अँड्रॉइडचा वाटा होता फक्त २.४ टक्के. मार्च २०१७ मध्ये अँड्रॉइड ३७.९३ आणि विंडोज ३७.९१. पाच वर्षांत खेळ पलटला. भारतात तर मोबाइलनं डेस्कटॉपला २०१२ मध्येच मागं टाकलं होतं, जिओ येण्याच्या चार वर्षं आधी. मायक्रोसॉफ्टनं २०१४ मध्ये नोकियाचा मोबाइलचा धंदा ७ अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतला आणि दुसऱ्याच वर्षी तेवढेच पैसे बुडीत खात्यात टाकले. म्हणजे मोबाइलच्या मैदानात विंडोज हरली, यात वाद नाही.

आमच्या पिढीला कॉम्प्युटर म्हणजेच विंडोज. २००१ मध्ये एमएस-सीआयटी आलं आणि तालुक्या-तालुक्यात क्लास निघाले. नोकरीवाल्यांच्या वेतनवाढी त्या सर्टिफिकेटला बांधल्या, तेव्हा पन्नाशीतले गुरुजीही माऊस धरायला शिकले. पेपरच्या ऑफिसात पेजमेकर आणि श्रीलिपी. मशीन अडकलं की "नवीन विंडोज मारून दे ना बावा" म्हणायचं, आणि पोरगं खिशातून सीडी काढायचं. ओरिजिनल कोणाकडे होती? सोडा तो विषय.

आज मी बातमी मोबाइलवर लिहितो, फोटो मोबाइलवर काढतो, ही पोस्टही अंगठ्यानंच टाइप करतोय. युनिकोड मराठी खेड्यापाड्यात पोचलं ते मोबाइलमुळं, हे उपकार मी विसरणार नाही. जुन्या फॉन्टमधली बातमी मेलवर पाठवली की पलीकडं नुसती चिन्हं दिसायची, ते दिवस कोणालाही परत नकोत.

पण म्हणून कॉम्प्युटर संपला? कोणासाठी संपला?

आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला विचारा. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आली. सोयाबीनच्या वावरात उभं राहायचं, फोटो काढायचा, अपलोड करायचा. रेंज नाही तर थांबायचं. मुदतवाढ द्यायची पाळी सरकारवर एकदा नाही, कितीतरी वेळा आली. हे मोबाइलचं काम झालं. आता पुढं बघा. तीच नोंद तपासली जाते ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. पीकविम्याचा फॉर्म, दाखले, महाडीबीटीचे अर्ज भरायला माणूस जातो कुठं? सेतूत, महा ई-सेवा केंद्रात. तिथं काय असतं? कॉम्प्युटर आणि प्रिंटर. म्हणजे माहिती द्यायची आपण मोबाइलवरून, अन् तिच्यावर निर्णय व्हायचा कॉम्प्युटरवर. तहसीलच्या खिडकीबाहेर आपण, आत टेबलापाशी साहेब, हे चित्र काही बदललं नाही. खिडकी तेवढी आपल्या खिशात आली.

आता पोरांचं बोलू. माझं खरं दुखणं इथं आहे.

२०२३ ची तलाठी भरती आठवा. ४,६४४ जागा, अर्ज १० लाखांवर. परीक्षा कशावर? कॉम्प्युटरवर. रिसोड, मालेगाव, मानोऱ्याची पोरं दोन-दोन वर्षं लायब्ररीत बसून अभ्यास करतात, तो सगळा मोबाइलवर : यूट्यूब, टेलिग्राम, पीडीएफ. आणि परीक्षेच्या दिवशी परक्या शहरातल्या सेंटरवर समोर येतो मॉनिटर आणि माऊस. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याला काही वाटत नाही. ज्यानं माऊस कधी धरलाच नाही, त्याची पहिली दहा मिनिटं हात स्थिर करण्यात जातात, आणि मेरिट हुकतं एका-दोन मार्कांनी. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला, तेही कीबोर्डवर. अंगठ्यानं कितीही जोरात व्हॉट्सॲप करा, तो स्पीड तिथं चालत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये 'असर'चा अहवाल आला, १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांवरचा. दहापैकी जवळपास नऊ घरांत स्मार्टफोन. कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असलेली घरं फक्त ९ टक्के. याला कोणी डिजिटल क्रांती म्हणत असेल तर म्हणो. मी म्हणतो, बघणारे ९० आणि बनवणारे ९. रील बघायला मोबाइल पुरतो. हिशेब मांडायला, प्रोग्रॅम लिहायला, पेपरचं पान लावायला आजही टेबलावरचं मशीनच लागतं. पुण्याच्या आयटी कंपनीत कोणी मोबाइलवर कोडिंग करताना दिसला तर मला कळवा.

आणि मक्तेदारी मोडली असं वाटत असेल तर तोही भ्रम आहे. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारनं मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. (त्याच वर्षी १ जुलैला आपला जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, म्हणजे गोष्ट आपल्या जिल्ह्याच्याच वयाची.) ऑक्टोबर २०२२ मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडच्या बाजारातल्या दादागिरीबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोकला. दुकान तसंच राहिलं, मालक बदलला. आधीचा मालक निदान पायरसीकडे कानाडोळा करायचा, आताचा आपण कुठं जातो तेही टिपून ठेवतो.

त्यात आता नवीन भर. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, ती कितीतरी जुन्या मशीनमध्ये नाही. शाळांमधले, केंद्रांवरचे हे कॉम्प्युटर आता भंगारात काढायची भाषा सुरू होईल. मग नवीन टेंडर, नवीन खरेदी, नवीन फोटो. किंवा त्याहून सोपं : "कॉम्प्युटर कशाला, टॅबलेट वाटू."

हे मशीन मेलेलं नाही. त्यात लिनक्स टाका, फुकट आहे, चालतं. केरळनं सरकारी शाळांत हेच केलं. तिथली पोरं वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकतायत, लायसन्सचा पैसा वाचला तो वेगळाच. आपण मात्र २००१ पासून पोरांना विंडोजची बटणं कुठं आहेत तेवढंच शिकवलं, अन् आता म्हणतो विंडोज गेली, विषय संपला. काहून बाप्पा?

वाशिम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा, राज्यातल्या चारपैकी एक. आढावा बैठकांत शिक्षण हा मोठा मुद्दा असतो. मग जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून प्रत्येक तालुक्याला एक खोली द्या. वीस जुने कॉम्प्युटर, त्यात लिनक्स आणि मराठी टायपिंग, एक पगारी माणूस, आणि संध्याकाळी नऊपर्यंत उघडं दार. भरतीची तयारी करणारी पोरं रांग लावतील. एका स्वागत कमानीच्या खर्चात यातलं किती बसतं, ते ज्यांनी कमानी उभ्या केल्या त्यांनीच सांगावं.

टाळ्या वाजवणाऱ्यांना एकच विचारतो. तुमचं पोरगं पुण्याला इंजिनीअरिंगला गेलं, तेव्हा तुम्ही त्याला मोबाइल घेऊन दिला की लॅपटॉप?

जिल्हा परिषदेच्या किती शाळांत कॉम्प्युटर आहेत, त्यातले किती चालू, किती खोलीला कुलूप घालून पडून, आणि विंडोज १० वाल्या मशीनचं पुढं काय करणार, असा माहितीचा अर्ज या आठवड्यात टाकतोय. तुमच्या गावच्या शाळेत काय स्थिती आहे ते कमेंटमध्ये लिहा, फोटो असेल तर टाका. उत्तर आलं की जसंच्या तसं इथं चढवतो.