झोप आणि रोगप्रतिकारशक्ती

विषाणूने शरीरात प्रवेश करताच बाधित पेशी इंटरफेरॉन स्रवून शेजारच्या पेशींना सावध करतात. त्यानंतर टी-पेशी बाधित पेशींचा नाश करतात, तर बी-पेशींपासून निर्माण होणारी प्रतिपिंडे विषाणूंना निष्प्रभ करतात. अपुऱ्या झोपेमुळे ही यंत्रणा दुबळी होते, असे संशोधनातून आढळून आले आहे.

अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६४ निरोगी प्रौढांच्या झोपेची आठवडाभर नोंद घेऊन त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घालण्यात आले. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक दिसली. त्यापूर्वी २००२ मधील एका प्रयोगात, रोज केवळ चार तास झोपू दिलेल्या तरुणांमध्ये फ्लूच्या लशीनंतर दहाव्या दिवशी प्रतिपिंडांचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहूनही कमी होते. पुढील काही आठवड्यांत ही तफावत ओसरली. मात्र साथीच्या काळात सुरुवातीचे दिवसच मोलाचे असतात.

झोप हा लशीला पर्याय नव्हे. तरीही रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, पोलीस आणि सुरक्षारक्षकांच्या बाबतीत झोपेचा प्रश्न केवळ वैयक्तिक सवयीचा उरत नाही. दोन पाळ्यांमध्ये त्यांना पुरेशी विश्रांती मिळेल, अशी व्यवस्था करणे हा साथप्रतिबंधाचाच भाग मानावा लागेल.