वेगाला कर्ता हवा

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात एका भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते, एक युवती व एक युवक, ठार झाले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा मद्यप्राशन करून चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप. बाल न्याय मंडळाने काही तासांतच त्याला जामीन दिला. जामिनाच्या अटींत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याचीही एक अट होती. देशभर संताप उसळला, तो रास्तच होता, आणि तो आदेश पुढे काही दिवसांतच बदलला गेला. परंतु निबंधाची जी थट्टा झाली तिच्यात आम्हा मराठीच्या अध्यापकांना सामील होता आले नाही. तो निबंध कसा उतरला असता हे आम्हांला ठाऊक आहे. तो लिहायला आम्हीच शिकवतो.

प्रारंभी 'आजच्या धावपळीच्या युगात', मध्ये वाढती लोकसंख्या आणि रस्त्यांवरचे खड्डे, शेवटी 'अति घाई, संकटात नेई'. शब्दमर्यादा पाळली जाते, दहापैकी सात गुण मिळतात आणि संपूर्ण निबंधात गाडी चालवणारे कोणीही नसते. आमचे म्हणणे एवढेच आहे की, वेगाविषयीच्या आपल्या भाषेतून कर्ता गायब झालेला आहे. आणि त्याला गायब करण्यात साहित्यव्यवहाराचाही हात आहे.

वर्तमानपत्रांतील वाक्ये पाहावीत. 'चालकाचा गाडीवरील ताबा सुटला.' येथे व्याकरणदृष्ट्या कर्ता कोण? ताबा. तो जणू स्वेच्छेने सुटला. 'भरधाव मोटारीने दोघांना चिरडले.' येथे मोटार. 'काळाने घाला घातला.' येथे तर साक्षात काळच, म्हणजे ज्याच्यावर कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल होऊ शकत नाही असा एकमेव आरोपी. दोष केवळ पत्रकारांचा नाही. या लेखाचे पहिले वाक्य आम्हीही याच रीतीने लिहिले आहे आणि वाचकांपैकी फारच थोड्यांना ते खटकले असेल.

याउलट, ज्या भाषेला आपण रुक्ष व साचेबद्ध म्हणून हिणवतो ती पोलिसी फिर्यादीची भाषा काय म्हणते? 'आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने चालवून' अमुक इसमाने तमुक इसमाच्या मरणास कारणीभूत झाला. वाक्य ओबडधोबड आहे, विभक्तीही प्रसंगी चुकते. पण त्यात माणूस आहे, त्याची कृती आहे आणि 'आपल्या ताब्यातील' हे दोन शब्द आहेत. बातमीतला ताबा सुटतो. फिर्यादीतला ताबा माणसाकडेच राहतो. शैलीच्या तासाला ही दोन वाक्ये शेजारी शेजारी फळ्यावर लिहावीत, असे आम्ही सुचवतो.

साहित्याचा हात कोठे, असा प्रश्न येईल. फेब्रुवारी १९०९ मध्ये 'ल फिगारो' या पॅरिसच्या दैनिकात मारिनेत्तीचा भविष्यवादाचा जाहीरनामा छापून आला. शर्यतीची गर्जणारी मोटार ही समोथ्रेसच्या विजयादेवीच्या शिल्पाहून सुंदर आहे, हे त्यातील विधान आपण आधुनिकतावाद शिकवताना हमखास सांगतो. त्याच मजकुरात एका अपघाताची हकिगत आहे, ती मात्र सांगत नाही. समोरून दोन सायकलस्वार येतात, मारिनेत्तीची मोटार खड्ड्यात उलटते आणि त्या चिखलातून तो नवजन्म घेऊन उठतो. सायकलस्वार त्याच्या लेखी केवळ अडथळा. शंभरहून अधिक वर्षे वाङ्मयेतिहासाने त्या मोटारीचे सौंदर्यशास्त्र शिकवले. त्या दोघांना रस्ता ओलांडून सुखरूप जाता आले का, हे आम्हीही वर्गात कधी विचारले नाही.

हे सौंदर्यशास्त्र आता जाहिरातींत राहते. ज्या गाडीच्या वेगमापकावर आकडे २२० पर्यंत आहेत, तिला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागातही ताशी १०० किलोमीटरचीच मुभा आहे. त्या मार्गाची लांबी सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. घाट, टोलनाके, गर्दी काहीच नाही असे गृहीत धरून कोणी सबंध अंतर १०० ऐवजी १२० ने कापले, तर वाचतात जेमतेम साडेनऊ मिनिटे. वाहनाची गतिज ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वेग वीस टक्के वाढला की ऊर्जा, आणि ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबेपर्यंतचे अंतर, चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते. जुलै २०१९ पासून देशात नव्या मोटारींना वेगाचा इशारा देणारा गजर बंधनकारक झाला. ताशी ८० च्या पुढे तो अधूनमधून वाजतो, १२० च्या पुढे अखंड. तो बंद कसा करावा, असे विचारणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांला भेटले आहेत.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले आहेत. ही वर्गवारी पोलिसांच्या नोंदींवर उभी असल्याने ती थोडी सावधपणे वाचावी. पण त्याच अहवालातील दुसरा आकडा अधिक बोलका आहे: मृतांत दुचाकीवरचे सुमारे ४४ टक्के आणि पादचारी सुमारे १९ टक्के. म्हणजे १९०९ च्या त्या दोन सायकलस्वारांचेच हे वंशज.

यावर एक आक्षेप आम्हांला मान्य आहे. वेगमर्यादेचा कायदा पुष्कळदा वसुलीसाठी राबवला जातो, फलक झाडाआड असतो, मर्यादा अकस्मात बदलते आणि दंडाची पावती ज्याला खरोखर बोचते तो श्रीमंत नसतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने हलक्या वाहनांसाठी अतिवेगाचा दंड एक ते दोन हजार रुपये ठरवला. मालवाहू टेम्पो चालवणाऱ्याची ती एका दिवसाची मिळकत असू शकते, आलिशान गाडीवाल्याचा तो एका जेवणाचा खर्च. हे सारे खरे. परंतु यातून कायदा मोडण्याचे स्वातंत्र्य सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की, वाक्यात आणखीही कर्ते हवेत: वळण चुकीचे आखणारा अभियंता, फलक न लावणारा कंत्राटदार, पोराच्या हाती किल्ली देणारा बाप. कर्ता एकच असावा असा आमचा आग्रह नाही. तो असावा, एवढाच आहे.

म्हणून त्या निबंधाची शिक्षा हास्यास्पद होती असे आम्ही म्हणणार नाही. ती अपुरी होती आणि तिच्यासोबत एक अट घालायची राहून गेली. निबंधाचे पहिले वाक्य 'मी' ने सुरू व्हावे आणि त्यातील क्रियापद सकर्मक असावे. सात गुण मिळवून देणारा निबंध तेथेच अडला असता. पुढील वर्षी आमच्या वर्गात हा विषय याच अटीसह दिला जाईल, आणि ज्यांच्याकडे वाहन परवाना आहे अशा अध्यापकांनीही तो लिहावा.