चिन्ह बदलले, आमदार तोच! मग बदलले काय?

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव हा अनुसूचित जातीसाठी राखीव मतदारसंघ. राजकुमार बडोले २००९ आणि २०१४ मध्ये येथून भाजपचे आमदार झाले. राज्याचे सामाजिक न्याय मंत्रीही झाले. लंडनमधील बाबासाहेबांचे घर राज्य सरकारने २०१५ मध्ये घेतले, तेव्हा हे खाते त्यांच्याकडेच होते. जून २०१९ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून वगळले गेले. त्याच वर्षी राष्ट्रवादीच्या मनोहर चंद्रिकापुरे यांनी त्यांचा पराभव केला.

२०२४ मध्ये महायुतीच्या जागावाटपात ही जागा अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे गेली. लगेच ऑक्टोबरमध्ये बडोले त्या पक्षात गेले, घड्याळावर लढले आणि निवडून आले. ज्या पक्षाने २०१९ मध्ये त्यांना पाडले, त्याच पक्षाचे ते आमदार झाले!

समर्थक म्हणतात, युती एकच आहे, यात पक्षांतर कसले? शिवाय ते गेले नसते तर अनुभवी माणूस विधानसभेबाहेर राहिला असता. युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण मग प्रश्न असा की, कमळ आणि घड्याळ यांत फरकच नसेल तर पक्ष बदलावा तरी का लागला? उत्तर सरळ आहे. जागा पक्षाची होती, समाजाची नव्हती.

मित्रांनो, दोष एकट्या बडोलेंचा नाही. मूळ २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात आहे. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा १४८ झाल्या. पण त्या करारातही एक तरतूद होती : आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांचे पॅनेल निवडायचे, मग त्यांतून एकाला सर्वांनी निवडायचे. आज ही प्राथमिक निवडणूक नाही. पॅनेल ठरते ते पक्षाच्या मुंबई-दिल्लीतील बैठकीत. आपल्याला उरते फक्त बटण दाबणे.

संयुक्त मतदारसंघाचा फटका खुद्द बाबासाहेबांना १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बसला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. राखीव जागेवरून देशाच्या घटनेचा शिल्पकार हरला आणि काँग्रेसचा उमेदवार जिंकला. त्याच बाबासाहेबांनी १९४७ मध्ये काँग्रेसचे सदस्य न होता मंत्रिपद घेतले, आणि १९५१ मध्ये हिंदू कोड बिलासारख्या प्रश्नांवर ते सोडले. त्यांनीही पक्ष बदलले : १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष, १९४२ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन, शेवटी रिपब्लिकन पक्षाची कल्पना. पण दरवेळी पक्ष त्यांनी उभारला. कोणाच्या रिकाम्या जागेत ते जाऊन बसले नाहीत. तिकिटासाठी पक्ष बदलणे आणि समाजासाठी पक्ष बांधणे, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे. पण तो निवडून आलेल्याला धरतो. तिकिटासाठी निवडणुकीच्या तोंडावर उडी मारणारा माजी आमदार त्याच्या कक्षेतच येत नाही. म्हणून कायद्याची वाट पाहू नका.

पुढच्या निवडणुकीआधी गावोगावच्या विहारांत बसून आपली प्राथमिक निवड आपणच करू या. शिष्यवृत्ती, अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी, भूमिहीनांना जमीन, यावर लेखी हमी घेऊ या. पक्षाने दुसरा उमेदवार लादला, तर मत कोणाला द्यायचे हेही तिथेच ठरवू या. तिकीट त्यांच्या हातात असेल. मत अजून आपल्या हातात आहे.

जयभीम!