सीएसआरचं दान नको, हक्क द्या!

कंपनी कोणाची? भागधारकांची, असं ठरलेलं उत्तर मिळतं. आम्ही विचारतो, मग घाम कोणाचा?

कंपनी कायदा २०१३ चं कलम १६६ वाचा. संचालकांनी भागधारकांसोबत कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचंही हित पाहायचं आहे. म्हणजे आम्ही भीक मागत नाही, कायदा दाखवतो आहोत. पण भागधारक वार्षिक सभेत जाब विचारू शकतो. कंत्राटी सफाई कामगाराला मात्र गेटवरूनच सांगितलं जातं, 'ठेकेदाराला विचार.' ज्याला कर्मचारीच मानलं नाही, त्याचं हित कोण पाहणार?

आणि तो झाडू कोणाच्या हातात आहे? मुंबईच्या गिरण्यांत विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. आज तीच भिंत ठेक्याच्या नावाने उभी आहे. वर नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर खर्चून फोटो काढायचे!

७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेब कामगारांसोबत संपात उतरले, ते दानासाठी नव्हे. मित्रांनो, जयंतीची वर्गणी मागायला कंपनीत जाताच ना? या वेळी ठेका कामगारांच्या पगाराचा आणि पीएफचा हिशोब मागा.

जय भीम!