पोराची तारीख, आईचा खाडा

माजिवड्याच्या जुन्या गावठाणाला लागून असलेल्या चाळीत मी एकतीस वर्षे राहते. महापालिकेच्या शाळेत शिकवले, आता निवृत्त आहे. चाळीत कोणाकडे छापील कागद आला की तो आधी माझ्या दारात येतो. या पावसाळ्यात आला तो बाल न्याय मंडळाचा होता.

मुलगा सोळा वर्षांचा. नाव लिहीत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने तशी बंदीच आहे, आणि नसती तरी लिहिले नसते. बाराखडी मीच गिरवून घेतली आहे त्याच्याकडून. टपरीवरच्या गिऱ्हाइकाचा मोबाइल उचलला आणि दुसऱ्या दिवशी विकायला गेला तिथेच सापडला. वडील नाहीत. आई घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पाच घरे करते. ती म्हणाली, "बाई, तुम्ही चला. मला तिथलं काही कळायचं नाही."

आमच्याकडून भिवंडीला जावे लागते. निरीक्षणगृह तिथे आहे आणि मंडळही तिथेच बसते. कापूरबावडीहून शेअर रिक्षा, बाळकुम, कशेळीचा खाडीपूल, मग गोदामांची न संपणारी रांग आणि अंजूरफाट्याची कोंडी. पोरगा मधल्या सीटवर दोघींमध्ये दबून बसला होता. कशेळीच्या पुलावर त्याने हळूच विचारले, "बाई, निबंध लिहायला लावतील का? माझं मराठी कच्चं आहे."

हसू आले, पण चूक त्याची नव्हती. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या पोर्श गाडीखाली दोन तरुण इंजिनीअर गेले आणि काही तासांत जामीन देताना त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले गेले. तेव्हापासून महाराष्ट्रात बाल न्याय मंडळ म्हटले की निबंध. तो निबंध शिक्षा नव्हता, जामिनाची अट होती, हे सांगायला गेले की माणसे माझ्याकडे मी त्या मुलाच्या बापाची वकील असल्यासारखी बघतात. त्या प्रकरणाच्या आजूबाजूला जे घडले त्याचा संताप मलाही आहे. पण त्या एका गाडीच्या उजेडात आपण सगळी मंडळे पाहू लागलो, आणि टपरीवरचा मोबाइल उचलणारा पोरगा त्या उजेडात दिसतच नाही. "वय खाली आणा, मोठ्यांसारखे चालवा" ही मागणी करणाऱ्यांना हेही ठाऊक नसते की सोळा ते अठरा वयाच्या मुलांना निर्घृण अपराधात, म्हणजे ज्यात किमान सात वर्षांची शिक्षा आहे त्यात, मोठ्यांसारखे चालवण्याची वाट याच कायद्यात आहे. मंडळाने आधी मुलाची समज, परिस्थिती तपासायची, एवढेच.

आमच्या प्रकरणात तो प्रश्न नव्हता. मोबाइल चोरीला मोठ्या माणसाला जास्तीत जास्त तीन वर्षे, म्हणून मुलांच्या कायद्यात तो किरकोळ अपराध. बाकावर शेजारी बसलेल्या एका वकीलबाईंनी सांगितले, अशा किरकोळ प्रकरणाची चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन महिने मिळतात, आणि तरीही संपली नाही तर प्रकरण तिथेच बंद होते. कायद्यातच आहे, कलम 14. पस्तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले, पण हे मला त्या बाकावर कळले.

आत काळा कोट नाही, पिंजरा नाही. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यात एक बाई असलीच पाहिजे, अशी मंडळाची रचना. आईला बसायला सांगितले तरी ती उभीच राहिली. आणि हात जोडून म्हणाली, "साहेब, ह्याला इथंच ठेवा. मी सात वाजता घरी येते. दिवसभर कोण बघणार?"

मी चमकले. आई पोराला सोडवायला येते, असे आपण धरून चालतो. पण संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे कायदा म्हणतो, आणि आई तोच पहिला मागते. दोघांचेही बरोबर आहे. शाळा बाराला सुटते, आई सातला येते. मधले सात तास कायद्याच्या कोणत्याच कलमात बसत नाहीत.

त्या सात तासांची माहिती मंडळाला मिळते ती गृहचौकशीतून. परिवीक्षा अधिकारी घरी येतात, घर बघतात, अहवाल लिहितात. आमच्याकडे आलेले गृहस्थ सौम्य होते, कोणाला काही बोलले नाहीत, फक्त आई कुठे भेटेल विचारले. पण सकाळी अकराला आले. आई कामावर, गॅलरीत दहा बायका, आणि त्यांच्या हातात फाइल. संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला कळले. माणूस चांगला होता, वेळ वाईट होती. सात वाजता येऊ शकतील एवढे परिवीक्षा अधिकारी सरकारने नेमावेत, ही माझी पहिली मागणी. मुलाचे काय करायचे हे त्या अहवालावर बरेचसे ठरते, आणि तो अहवाल आईला न भेटता लिहिला जाऊ नये.

दुसरी मागणी प्रवासाची. मंडळाने मुलाला समज देऊन सोडले आणि समुपदेशनाला यायला सांगितले. योग्यच निर्णय. पण प्रत्येक तारखेला आईचा खाडा. तीन खाडे झाले तेव्हा एक घर सुटले. तिथल्या बाईंनी दुसरी कामवाली बघितली. पाचाची चार झाली. माजिवड्याहून आमचे हे हाल, तर मुरबाड-शहापूरच्या पाड्यावरच्या आईने काय करायचे? प्रत्येक जिल्ह्यात एक किंवा अधिक मंडळे नेमावीत असे कायदा म्हणतो. तो "अधिक" शब्द शोभेला घातलेला नाही. ठाण्यात, कल्याणला महिन्यातून चार दिवस तरी बैठक व्हावी. समुपदेशनाला तर मंडळाचीही गरज नाही, महापालिकेच्या शाळेचा एक वर्ग रविवारी पुरतो. किल्ली कोणाकडे असते ते मी सांगते.

मुंबईच्या पत्रकार शीला बारसे तुरुंगातल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पुढे 1986 साली संसदेने देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा केला. पोरे तुरुंगाबाहेर यावीत एवढ्यासाठी एका बाईला दिल्ली गाठावी लागली होती. आता पोरे घरी येतात, तर घराला काही हातभार लागावा, एवढेच मागते आहे.

शाळेचे राहिले. त्याच्या शाळेने आईला बोलावून दाखला काढून न्या म्हणून सुचवले. मी जाऊन कलम 24 वाचून दाखवले: मंडळासमोर आलेल्या मुलाला त्या कारणाने कुठेही अपात्र ठरवता येत नाही. मुख्याध्यापकांनी चहा दिला. दाखल्याचे पुन्हा बोलले नाहीत, पण पोराला मागच्या बाकावर एकट्याला बसवतात, असे तो सांगतो.

परवा आई पायरीवर येऊन बसली. पुढची तारीख दिवाळीच्या आठवड्यात आली आहे. त्या आठवड्यात खाडा केला तर चारही घरांचा बोनस जाईल, म्हणून तारीख बदलून मागायचा अर्ज लिहून द्या म्हणाली. लिहून दिला. तो द्यायला भिवंडीला कोण जाणार, यावर आम्ही दोघी अजून बोलतोय.