एकाच लेखणीची दोन रणांगणे

विल्यम हॉवर्ड रसेल याचे नाव निघाले की, वृत्तपत्राने मंत्रिमंडळ पाडल्याची कथा हमखास सांगितली जाते. डब्लिन परगण्यात जन्मलेला हा आयरिश वार्ताहर लंडनच्या ‘टाइम्स’तर्फे १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर गेला, त्याने ब्रिटिश सैन्याची दैना उघड केली आणि लॉर्ड अ‍ॅबर्डीन यांचे सरकार गडगडले, असा त्या कथेचा सारांश. कथा खोटी नाही, अपुरी आहे. त्याच लेखणीने चार वर्षांनी लखनौहून जे लिहिले, त्याचे फळ इतके निराळे का, हा प्रश्न तिच्यात येत नाही.

क्रिमियातील शोकांतिका मुळात पुरवठ्याची होती. बालाक्लावाच्या बंदरात माल येऊन पडे आणि सेव्हास्तोपोलपुढील छावणी तेथून अवघ्या सहा-सात मैलांवर होती. पण मधला रस्ता चिखलात बुडालेला आणि ओझ्याची जनावरे चाऱ्यावाचून मेलेली. त्यामुळे बंदरात साठा असताना सैनिक उपाशी राहत. त्यांना कॉफी दिली जाई ती कच्च्या बियांच्या रूपात, आणि त्या भाजायला सरपण नसे. १४ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात हिवाळी कपड्यांनी भरलेले ‘प्रिन्स’ जहाज बुडाले. योगायोग असा की, हलक्या घोडदळाच्या आत्मघातकी चढाईचे रसेलचे गाजलेले वर्णन लंडनमध्ये त्याच दिवशी प्रसिद्ध झाले. लोकांच्या स्मरणात राहिली ती चढाई. परंतु या युद्धात मेलेल्या सुमारे २१,००० ब्रिटिश सैनिकांपैकी १६,००० हून अधिक रोगांनी मेले, आणि रसेलचे खरे कर्तृत्व या दुसऱ्या आकड्यामागची अनास्था चव्हाट्यावर आणण्यात आहे. (स्कुटारीच्या रुग्णालयाची दुर्दशा प्रथम कळविली ती मात्र त्याच पत्राच्या टॉमस चेनरी याने, ते श्रेय रसेलच्या खात्यावर जमा करण्याचे कारण नाही.)

सेनापती लॉर्ड रॅग्लन यांनी रसेलला अधिकृत स्थान दिले नाही. अशी पत्रे छापली गेल्यावर शत्रूला हेरांवर पैसा खर्चण्याची गरजच काय, अशा आशयाची तक्रार त्यांनी युद्धमंत्र्यांकडे केली. ती अगदीच निराधार नव्हती. पण संपादक डिलेन ठाम राहिला. जी पत्रे छापणे इष्ट नव्हते, ती त्याने मंत्र्यांना वाचायला दिली. जानेवारी १८५५ मध्ये चौकशी समितीचा ठराव ३०५ विरुद्ध १४८ मतांनी संमत झाला आणि सरकार गेले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मरणारे सैनिक आणि ‘टाइम्स’चे वाचक एकाच समाजाचे होते, त्या वाचकांत मतदार होते, करदाते होते, अधिकाऱ्यांचे आप्त होते. ते जाब विचारू शकत होते.

१८५८ च्या प्रारंभी रसेल कलकत्त्यास उतरला. या खेपेस सेनापती सर कॉलिन कॅम्बेल यांनी त्याला कागदपत्रे पाहू दिली. अट एवढीच की, त्यातले काही छावणीत बोलायचे नाही. मार्चमध्ये लखनौ पडले आणि कैसरबागेची लूट त्याने डोळ्यांनी पाहिली. एका सैनिकाने लुटीतली रत्ने शंभर रुपयांना देऊ केली, तेव्हा रसेलजवळ तेवढी रोकड नव्हती. हे त्याने स्वतःच नमूद केले आहे, आणि त्यात संकोचापेक्षा हळहळच अधिक दिसते! तरीही बंडवाल्यांनी इंग्रज स्त्रियांचे अवयव छाटल्याच्या कहाण्यांना पुरावा सापडत नाही, हे त्याने लिहिले; सरसकट फाशीचा आणि धर्म भ्रष्ट करणाऱ्या शिक्षांचा निषेधही केला. लॉर्ड कॅनिंग यांच्या सौम्य धोरणाला त्यामुळे बळ मिळाले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र कैसरबागेच्या लुटीसाठी क्रिमियासारखी संसदीय चौकशी झाली नाही. रसेलचे धैर्य कमी पडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांचे घरदार गेले, ते ‘टाइम्स’चे वर्गणीदार नव्हते आणि वेस्टमिन्स्टरमध्ये त्यांचा प्रतिनिधी नव्हता.

अमेरिकेत तर वाचकच उलटला. जुलै १८६१ मध्ये बुल रन येथे उत्तरेच्या सैन्याची झालेली पळापळ त्याने जशी पाहिली तशी लिहिली. अंक तिकडे पोहोचताच त्याच्यावर शिव्यांचा वर्षाव झाला. पुढच्या वर्षी सैन्याबरोबर जाण्याची परवानगीच नाकारली गेली, तेव्हा तो मायदेशी परतला.

नोव्हेंबर १८७५ मध्ये रसेल मुंबईस आला तो प्रिन्स ऑफ वेल्सच्या परिवारात, मानद खाजगी चिटणीस म्हणून. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांच्या वह्या व कर्जखते जाळून दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले होते. युवराजांच्या दौऱ्याचा कार्यक्रम दरबार, मेजवान्या व शिकार यांनी भरलेला होता. रसेलने त्याचा जाडजूड वृत्तान्त लिहिला, आणि १८९५ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला.